खुबूसवाल्याच्या बाजूने

चाची,

सकाळी टीव्हीवर एका सेनापतीला युद्धातल्या कत्तलींसाठी जन्मठेप झाल्याची बातमी होती, आणि मला तुमचं बहारीनच्या उम्म अल हस्सममधलं स्वयंपाकघर आठवलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी पुण्याहून आलेला, एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर काम करणारा, आणि दुपारी पैसे देऊन तुमच्याकडे जेवणारा. तुम्ही रत्नागिरीच्या, पण संसार सगळा कुवेतमध्ये झालेला. इराकी सैन्य शिरल्यावर काही महिने तिथेच अडकलात, मग चाचांबरोबर बहारीनला दिरांच्या आश्रयाला आलात. तांदळाची भाकरी थापता थापता तुम्ही विचारायचात, आज किती मेले रे तुझ्या पेपरात? मी सांगू लागलो की म्हणायचात, जेव आधी, ते काय उठून येणार नाहीत. तशा भाकऱ्या मला पुन्हा कुठे मिळाल्या नाहीत.

मग तो कुवेती वकील आला. सैनिकांच्या अत्याचारांचे जबाब तो देशोदेशी फिरून गोळा करत होता. तुमच्या कुवेतमधल्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या मुलाला सैनिकांनी उचलून नेलं होतं. काही दिवसांनी त्याला परत आणून, आईने दार उघडताच तिच्या डोळ्यांदेखत गोळी घातली. हे तुम्ही जिन्यातून पाहिलं होतं. तुम्ही सांगायचं आणि मी इंग्रजीत लिहायचं असं ठरलं.

वकील सोफ्यावर बसला आहे, तुम्ही गालिच्यावर. तुमचा आवाज कापत नाही. मुलाच्या पायात एकच चप्पल होती, हेही तुम्ही सांगता. मग सहज चौकशी करावी तसं, तिथल्या गल्लीतला खुबूसवाला, तो अरबी रोट्या भाजणारा, कसा आहे, असं विचारता. वकील म्हणतो, तो पॅलेस्टिनी ना, तो तुरुंगात आहे. सैनिकांना खुबूस भाजून द्यायचा, त्यांच्याकडून पीठ घ्यायचा, म्हणजे फितूरच. बहुधा फाशी होईल.

तुम्ही वकिलाला सोडून माझ्याकडे पाहिलंत. मग मला सांगू लागलात. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही आपली रीत तुम्ही त्याला पूर्वीच हसत हसत शिकवली होती. कब्जाच्या दिवसांत तुम्ही त्याला डब्यातून डाळ पाठवायचात, आणि डबा पीठ भरून परत यायचा. सैनिकांचंच पीठ. ते सगळ्या इमारतीने खाल्लं. मारलेल्या मुलाच्या आईनेही.

वकिलाला मी हे इंग्रजीत सांगितलं. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, बाईंचं मन मोठं आहे, पण माझं काम सैनिकांपुरतं, हे गाळा. चाचा दारातून बोलले, "खलास कर आता. माझा कुवेतचा व्हिसा यायचाय. फितुराची बाजू घेतलीस तर येईल काय?"

"पीठ मी खाल्लंय. व्हिसा नाय खाल्ला," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे वळलात. "पेपरात जागा नसली की खालचा कापतात, असा तूच सांगतोस ना? मग त्याचा वर लिव. सैनिकांचा खाली. दोन्ही राहिली तर सही करीन, नायतर नाय."

वकिलाने हातातली तसबीहची माळ खिशात घातली. म्हणाला, लिहा. तुमच्याशिवाय त्या मुलाला मारताना पाहिलेलं दुसरं कोणी बोलायला तयार नव्हतं.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. खुबूसवाल्याची फाशी रद्द होऊन कैद झाली होती. तुमच्या जबाबामुळे का, ते त्यालाही माहीत नव्हतं. चाचांचा व्हिसा काही आला नाही. ते भावाच्या झिंजमधल्या दुकानात बसू लागले आणि जेवताना रोज तुम्हाला त्याचे टोमणे मारत. तुम्ही मला एवढंच विचारलंत, "जिता हाय ना?" मी हो म्हणालो. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत.

नंतर मी कितीतरी देशांतल्या अशा खटल्यांच्या बातम्या पेपरात लावल्या. ज्यांना शिक्षा झाली त्यातल्या बहुतेकांची मला कीव आली नाही, आजच्या सेनापतीचीही नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. निकाल कळला तरी मी टीव्ही बंद करत नाही. साक्षीदार बायका दाखवतील म्हणून थांबतो. त्यांची भाषा मला कळत नाही, तरी आवाज वाढवतो.