मी हरवले नव्हते, बसले होते

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्याच्या दुप्पट शिव्या. तब्येत कशी आहे? ब्लडप्रेशरची गोळी घेतली नसशील तर आधी घे, मगच पुढे वाच, कारण मी जाम भडकलेय. मी ठणठणीत आहे. कालही होते.

आपलं काय ठरलंय ते मला पाठ आहे. या बेटावर पंधरा दिवस मी एकटीनं निभावलं, तर माझं घर माझं, आणि तू पुन्हा 'या वयात एकटी कशी राहशील?' हे तुणतुणं वाजवायचं नाहीस. काही भानगड झाली, तर घराला कुलूप ठोकून मुकाट तुझ्याकडे राहायला यायचं. काल इथल्या घरमालकिणीनं तुला फोन केला काय, आणि तू लगेच 'हरलीस, सामान बांध' असा निरोप दिलास काय! थांब जरा, शहाण्या.

हे बेट टीचभर. या टोकाला शिंक आली तर त्या टोकाला कळतं. आणि इथल्या माणसांना एकटं माणूस बघवत नाही. पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी दोन ताटं मांडली आणि दुसऱ्या ताटाचं माणूस कुठे आहे म्हणून विचारत बसल्या. छत्रीवाल्या दुकानदाराला तीच चौकशी, होडीवाल्याला तीच. (अरे, आयुष्यभर हॉस्पिटलात सिस्टर म्हणून राबले. चहाचा कप हातात घेतला की कुणाची तरी सलाईन संपायची. मला जरा एकटीनं बसायचं होतं, बास!)

आता कालचं. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आईनं आपल्या हाडात मुरवलंय. (तू एकदा 'जातो' म्हणालास तर तुला परत घरात आणून पाटावर बसवलं होतं, आठवतंय?) इथे इंग्रजीवर भागवायचं, आणि माझं इंग्रजी मराठीच्या मागून चालतं. तेव्हा सकाळी मालकीणबाईंना, मग छत्री घेताना दुकानदाराला, मग पलीकडच्या किनाऱ्यावर उतरताना होडीवाल्याला, मी आपलं हसून 'येते हं'चं इंग्रजी करून सांगितलं. म्हणजे त्यांनी ऐकलं काय, तर 'आलेच मी!' आणि एका खडकावर पाण्यात पाय सोडून जी बसले, ती ऊन उतरेपर्यंत. काय सांगू तुला, डोकं इतकं रिकामं कधी झालंच नव्हतं.

तिकडे होडीवाला होडी धरून उभा, आतली माणसं त्याच्या नावानं खडे फोडतायत. दुकानदार शटर अर्धं ओढून ताटकळलेला. मालकीणबाई माझ्यासाठी जेवायच्या थांबलेल्या, त्यांना भुकेनं घेरी आली. शेवटी अर्धं बेट हाका मारत निघालं, बरोबर एक पोलीसही. मी सापडल्यावर मालकीणबाई आधी रडल्या, मग माझ्यावर खेकसल्या. आणि मी सापडायच्या आधी त्यांनी तुला फोन केला होता. बस, एवढीच भानगड! मी हरवले नव्हते रे, बसले होते. बेटभर लोकांना उपाशी ठेवलं हे खरं, पण निभावलं की नाही ते सांग. मी हरलेली नाही. घराला कुलूप लागणार नाही.

तुझी,
भडकलेली ताई

ता. क. : किल्ली शेजारणीकडे मागायला जाऊ नकोस. तिला बजावून आलेय.

ता. क. २ : मालकीणबाई आज सांगत होत्या, तू फोनवर फार वेळ बोललास म्हणे. माझ्याबद्दल दोन वाक्यं, आणि मग बायको गेल्यापासून संध्याकाळी टीव्ही नुसता आवाजासाठी लावून ठेवतोस ते. परक्या बाईला सांगितलंस, मला नाही! सोबत तुला हवीय, तर तसं सरळ सांगायचं ना, गाढवा. माझ्या म्हातारपणावर कशाला ढकलतोस?

ता. क. ३ : शनिवारच्या होडीनं निघून ये. तेवढ्यासाठीच हे पत्र. शेजारची खोली रिकामी आहे. मला एकटीनं बसायचंय ते मी बसेनच, तू जरा लांब बस. रडू आलं तर खुशाल रड, इथे कुणी काही विचारणार नाही. खोटं कशाला लिहू, सगळेच विचारतील. सांगून टाक.