पांढऱ्याला की पांढऱ्यांना

१४ सप्टेंबर
जास्वंदीला पांढरं लागलंय! हे गेल्यापासून गॅलरीत पाऊलच टाकलं नव्हतं. आज बारा दिवसांनी पाहिलं तर फांद्यांच्या बेचक्यांत कापूस कोंबल्यासारखं काहीतरी. खालची पानं चिकट. ह्यांनी हौसेने लावलेलं एवढं एकच झाड.

१६ सप्टेंबर
वाचनालयातून किडींचं पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिलाई मशीनशेजारी पुस्तक उघडं ठेवून. जड शब्द दोनदा वाचते, तिसऱ्यांदा सोडून देते.

ह्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून पाहिलं. पिठ्या ढेकूण म्हणतात त्याला. खाटेतल्या ढेकणाचा लांबचा नातेवाईक, फक्त हा झाडाचा रस पितो. तोंड म्हणजे सुई. मादी सुई खुपसून बसली की फारशी हलत नाही. पिते, कापसात अंडी घालते, तिथेच मरते. नराला पंख असतात पण तोंडच नसतं! दोन-चार दिवसांचा पाहुणा.

ह्यांना वाचून दाखवलं असतं तर मिशीत हसले असते. तोंड असून न वापरणारा माणूस. दुकानातून आले की "वाढ", आणि झोपताना "दिवा". छत्तीस वर्षं.

१७ सप्टेंबर
साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश. कंबर धरली.

२० सप्टेंबर
मुंग्यांची रांग लागलीय. पुस्तकात आहे — पिठ्या जास्तीचा गोड रस मागून टाकतो, मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात राखण करतात. पानांवर काजळी धरते तीही त्या गोडावरच. झाड मरेना का, पिठ्याचं आणि मुंग्यांचं आपलं बरं चाललंय.

लेकीचा फोन. "आई, ते झाड टाकून दे आणि इकडे ये राहायला." झाड वाचलं तर विचार करीन म्हटलं. म्हणाली, हा काय हट्ट? हट्टच आहे. त्यांच्या हातचं दुसरं काही जिवंत नाही घरात. घड्याळांना किल्ली मी देते.

२२ सप्टेंबर
लिहू की नको करत होते. लिहिते.

दवाखान्यातली ती शेवटची दुपार. मी चादरीवरूनच त्यांचा हात धरून बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "पांढऱ्यांना हात लावू नकोस." पांढऱ्याला म्हणाले की पांढऱ्यांना, नीट ऐकू आलं नाही. चादर पांढरी होती. मी हात काढून घेतला. नर्स म्हणाली, औषधांनी बरळतात, मनावर घेऊ नका. तासाभराने गेले. तेव्हा माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

एवढं कमी बोलणारा माणूस. शेवटचं बोलला ते बरळणं? की मी नकोशी झाले होते?

२५ सप्टेंबर
आता मोठे दिसायला लागलेत. बाकीच्यांच्या दुप्पट, अंगाला लांब पांढऱ्या झालरी, आणि चक्क चालतात! हेच म्होरके असणार. बरे सापडतात — चिमटीत धरायचे की झालं.

२६ सप्टेंबर
अकरा मारले.

२७ सप्टेंबर
सात.

३० सप्टेंबर
मोठे जवळजवळ संपले. पण बारीक पिठ्या दुणावलाय! कळ्या उमलायच्या आधीच गळतात. कुठे चुकतंय? पुस्तकात किडींच्या शत्रूंवर शेवटी एक धडा आहे. तिथवर अजून पोचले नाही.

३ ऑक्टोबर
एक मोठा सापडला तो काड्यापेटीत घातला आणि रोपवाटिकेत गेले. चांगलं जालीम औषध दे म्हटलं. तिथल्या, ह्यांच्या ओळखीच्या माळ्याने पेटी उघडली.

"काकू, असे किती मारलेत?"

मी म्हटलं, वीसेक तरी.

त्याने पेटी जपून मिटली. मग सांगितलं. हा पिठ्या नाही, पिठ्याला खाणारा आहे. एका भुंगेऱ्याचं पोर. पिठ्याचंच सोंग घेऊन त्यांच्यात हिंडतं आणि त्यांनाच फस्त करतं. दवाखान्यात जायच्या आठवडाभर आधी हे त्याच्याकडून दहा भुंगेरे डबीतून घेऊन गेले होते. आणून सोडलेही असणार. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

ओळखायचे कसे, म्हणून ह्यांनी त्याला चारदा विचारलं होतं म्हणे. "मी काकांना सांगितलं, मोठे, झालरीचे, चालणारे दिसले की समजा आपलीच माणसं. त्या पांढऱ्यांना हात लावायचा नाही. काका म्हणाले, घरी सांगून ठेवतो."

पेटीतला तो एक परत फांदीवर सोडला. हळूहळू चालत पानामागे गेला.

४ ऑक्टोबर
पांढऱ्यांना. चादरीला नाही.

हात धरून ठेवला असता तर चाललं असतं.