कॅरेट उचलायला दहावी

प्रिय विहीणबाई,

पत्र बघून तुम्ही म्हणाल, हिला आज माझी आठवण कशी काय झाली? मी होते तेव्हा सटाण्याला यायचं म्हटलं की हिचे गुडघे दुखायचे. म्हणा खुशाल. पण बातमी अशी आहे की तुमच्याआधी ती दुसऱ्या कुणाला सांगितली असती तर मला दुपारचा घास गोड लागला नसता.

तुमची रंजना दहावी पास झाली.

नोकरीचं काय झालं तेही सांगते, पण ओळीनं सांगू द्या. तुम्हाला गोष्टीचा शेवट आधी विचारायची सवय होती. आज मात्र तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल, मध्ये बोलायची सोय नाही.

तेरा वर्षं उशिरा पास झाली ती. त्या तेरा वर्षांची धनीण मी आहे, आणि हे कबूल करायलाच कागद पुढ्यात घेतला. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली तरी माझ्यानं हे तोंडानं कुणापुढं निघत नव्हतं.

आठवतं का, लग्नाची बोलणी करायला तुम्ही आमच्याकडं निफाडला आला होतात. रंजना तेव्हा एकोणीसची. सटाण्याच्या बाहेर तुमची वस्ती, तिथं नववीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून घरी बसलेली, आणि तुम्ही हौसेनं तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरलेला, बाहेरून दहावीला बसायचा. चहाचा पेला हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "मनी पोरनी परीक्षा मार्चमा शे, ईनबाई. दोन महिने थांबा. मग बार उडवू थाटात."

आणि मी काय म्हणाले? "तिथी आम्ही काढली ती काढली. अन् आमच्याकडं द्राक्षं भरायचं काम. कॅरेट उचलायला दहावी कशाला लागती?"

सगळे हसले. वरमाईनं विनोद केला की मांडवात हसायचंच असतं. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. पेला अर्धाच ठेवून उठलात. ज्या आठवड्यात तिचा गणिताचा पेपर होता त्या आठवड्यात ती आमच्या दारात माप ओलांडत होती.

पण विहीणबाई, एक विचारू? तुम्ही अडून का नाही बसलात? आमटीत मीठ कमी पडलं तर भर पंगतीत सांगणाऱ्या तुम्ही, रुखवतात एक करंजी फुटली म्हणून आचाऱ्याला फैलावर घेणाऱ्या तुम्ही, एवढ्या मोठ्या गोष्टीला माझ्यापुढं गप्प बसलात? मुलीकडची बाजू म्हणून? दोन शब्द जास्तीचे बोलला असतात तर मी रुसले असते, चार दिवस फुगले असते, आणि ऐकलंही असतं कदाचित. कदाचित म्हणते. तेव्हाची मी तुम्हाला ठाऊक आहे.

नंतर दर दिवाळीला मात्र तुम्ही मला सोडलं नाहीत. फराळाच्या ताटावर बसलं की हळूच विचारायच्या, "रंजीनं फॉर्म भरला का?" मी म्हणायची, "चिवडा घ्या ना अजून." किती चिवडा खाल्लात तुम्ही माझ्यामुळं.

तर आता ऐका. रंजना इथल्या पॅकहाऊसला दहा वर्षं जाते, हे तुम्हाला माहीत होतं. मळ्यातून द्राक्षं प्लास्टिकच्या जाळीदार कॅरेटमधून येतात. ती उतरवायची, खराब मणी कात्रीनं काढायचे, घड डब्यांत भरायचे, रिकामी कॅरेटं औषधाच्या पाण्यात धुवायची. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, उभ्यानं. पण हे काम हंगामापुरतं. एप्रिल सरला की बायका घरी, मग कधी कांदा काढायला, कधी निंदायला. अशात दीड वर्षापूर्वी फलकावर कागद लागला की चार बायकांना कायम करायचं, बारमाही काम, पगारी सुट्टी, फंड. पद हेल्पर. अट एकच, दहावी पास.

रंजना घरी आली ती थेट पीठ मळायला बसली. त्या पिठाचा जो काही गुन्हा होता तो मला कळेना. मी विचारलं, "काय झालं गं?"

खाली बघूनच म्हणाली, "काही नाही आत्या. कॅरेट उचलायला दहावी पाहिजे म्हणतात."

तुम्हाला सांगते, तिनं टोमणा मारला नव्हता. ते वाक्य माझं होतं हे तिला माहीतही नव्हतं, बोलणी चालली तेव्हा ती तिकडं तुमच्या घरी होती. मला मात्र पुढचं जेवण उतरेना.

दुसऱ्या दिवशी लुगडं बदललं आणि मॅनेजरसाहेबांकडं गेले. तरुण माणूस, नाशिकचा, बोलायला मऊ.

"बसा मावशी. काय काम काढलं?"

"कॅरेट उचलायला दहावी कशाला लागती, तेवढं सांगा. मग जाते."

ते हसले. मग दार लोटून म्हणाले, "खरं सांगू? जागा चार, अर्ज येतात पोतंभर. प्रत्येकीला कॅरेट उचलायला लावून बघत बसलो तर द्राक्षं कधी भरायची? एक अट टाकली की ढीग निम्मा होतो."

"म्हणजे चाळणी."

"चाळणीच म्हणा. शिवाय धुण्याच्या औषधाच्या ड्रमवर प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचावं लागतं. परदेशातून माल तपासायला माणूस येतो, तो रोजच्या नोंदी मागतो."

"औषध तर दोन वर्षं रंजनाच टाकते. नोंदीही तीच लिहिते."

"माहीत आहे मला."

"मग?"

"वरचे लोक असं धरून चालतात की जो दहा वर्षं शाळेत टिकला तो कामावर टिकेल."

"अहो, नऊ वर्षं ती तुमच्याकडं टिकली ना? शाळेत निदान बसायला बाक तरी असतं."

साहेबांनी पेन उघडलं, मिटलं. म्हणाले, "मावशी, अर्ज पुण्याच्या ऑफिसात जातो. तिथं रंजनाताईंचं काम जात नाही, नुसता कागद जातो. माझं इथं चालत नाही. पण दोन जागा यंदा भरतोय आणि दोन पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. तेवढ्यात जमतंय का बघा."

परत येताना मला त्यांचा राग येत होता, आणि निम्म्या वाटेत तो माझ्यावरच उलटला. मी तरी काय वेगळं केलं होतं? सून बघायला आले तेव्हा उंची बघितली, रंग बघितला, पत्रिका बघितली. पोरगी स्वतःच्या हातानं फॉर्म भरून अभ्यास करतीय, हे बघायला किती वेळ लागला असता? पण बघायचं म्हटलं की थांबावं लागतं, आणि मला तिथीची घाई. त्या पुण्याच्या ऑफिसला मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

मग लागलो कामाला. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. रंजनाच्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "आईनं कधीचाच काढून ठेवलाय. रेशनकार्डाच्या पिशवीत शे." एक काय, झेरॉक्ससुद्धा काढून ठेवल्या होत्या तुम्ही, पाच. दर दिवाळीला तो दाखला पिशवीत घेऊन येत होतात का हो तुम्ही? भावाला विचारायचा मला धीर झाला नाही.

आमचा वर्ग चुलीपाशी भरायचा. ती भाकरी थापायची आणि मी समोर बसून इतिहास वाचून दाखवायची. मी दुसरीपर्यंत शिकलेली. वाचायला शिकले ती किराणाच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचता वाचता, त्यामुळं माझं ज्ञान सगळं अर्ध्यावर फाटलेलं. पहिल्यांदाच पूर्ण पुस्तक हाती आलं तर मीच हरखले. भाकरी करपली तरी "थांब गं, एवढं पान होऊ दे" म्हणायची. तुमचा जावई ताटावर बसून म्हणायचा, "परीक्षा नक्की कुणाची आहे?"

गणितं मीच तयार करून घालायची. एकदा विचारलं, पंचेचाळीस किलो द्राक्षं, अर्ध्या किलोची एक डबी, तर डब्या किती?

तिनं झटकन लिहिलं, अठ्ठ्याऐंशी.

"नव्वद!" मी लाल पेननं फुली मारली. "एवढं सोपं चुकतेस?"

"आत्या, अठ्ठ्याऐंशीच भरतात."

"हिशेब हिशेब असतो. तुझ्या पॅकहाऊसचं मला सांगू नकोस."

ती हसली आणि भाकरी उलटली.

खरी अडचण पुढंच होती. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आणि द्राक्षांचा भर हंगामही मार्चमध्येच. पॅकहाऊसची मुकादम बाई म्हणाली, "ऐन गर्दीत सुट्टी नाही. पेपराच्या दिवशी बदली माणूस दे, नाहीतर टेबल दुसरीला जाईल." टेबल गेलं असतं तर जूनमध्ये कायम व्हायला ती तिथं राहिलीच नसती. सगळ्या बायका आपापल्या कामाला बांधलेल्या. बदली कोण येणार?

मी गेले, विहीणबाई. त्रेसष्टाव्या वर्षी, डोक्याला जाळीची टोपी आणि तोंडाला फडकं लावून. मुकादम बाईनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "मावशी, उभं राहवंल का?"

"तेरा वर्षांपूर्वीच राहायला पाहिजे होतं," मी म्हणाले. तिला काही कळलं नाही. मला वजनकाट्यापाशी उभं केलं, डबी भरून काट्यावर ठेवायची. मी म्हटलं, हे तर आपल्या हातचं. एकेक डबी अशी भरली की काटा बरोबर पाचशेवर. एक मणी इकडं नाही की तिकडं नाही. वर चढलेल्या मण्याला खाली उतरवत होते. तासाभरात डब्यांची चळत रचली आणि छाती फुगवून उभी राहिले.

तपासणारी पोरगी आली, दोन डब्या उचलल्या आणि सगळी चळत माघारी ढकलली. "मावशी, पाचशे भरून कसं चालंल? माल बोटीनं जातो. वाटेत द्राक्षं वाळत्यात, वजन उतरतं. दहा ग्रॅम वर लागतंच की."

पाचशे दहा! मी तिथंच बोटांवर हिशेब केला. पंचेचाळीस किलोत अठ्ठ्याऐंशी डब्या. वर थोडी द्राक्षं उरतात. बाजूच्या टेबलावरच्या बायका हसून हसून लोटपोट. "रंजूची सासू नापास झाली गं," एक म्हणाली. मी सगळ्या डब्या पुन्हा भरल्या आणि हसत भरल्या. त्या दिवशी मला कळलं की त्या पोरीला काय काय येतं, ते लिहायला त्यांच्या अर्जात जागाच नाही.

घरी गेले तर ती पेपर देऊन आलेली. तिनं विचारायच्या आत मी वही काढली आणि माझी लाल फुली खोडून तिथं बरोबरची खूण केली. म्हणाली, "पण आत्या, पेपरात असं लिहिलं असतं तर चूकच धरलं असतं." हेही खरंच. म्हणून पेपरात ती त्यांच्या पद्धतीनं लिहून आली. दोन्ही हिशेब येणारी आहे तुमची लेक.

निकालाच्या दिवशी तुमच्या जावयाचा मोबाइल कुणाच्याच हाती ठरत नव्हता. गणितात अडतीस. इतिहासात बहात्तर, त्यातले निदान वीस माझे. गावभर पेढे वाटले. मॅनेजरसाहेबांकडं गुणपत्रिका न्यायला मी मुद्दाम बरोबर गेले. त्यांनी कागद पुण्याला पाठवला, आणि मग तीन आठवडे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

परवा पत्र आलं. रंजनाला कायम केलं. एक तारखेपासून. आता द्राक्षं संपली तरी तिचं काम संपणार नाही. पॅकहाऊसच्या बायकांनी घरी येऊन तिला अंगणातल्या कॅरेटावर उभं करून टाळ्या वाजवल्या, आणि त्यातल्या तिघींनी तिथल्या तिथं विचारलं, "तो सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो गं?"

मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं. तर काल ही बाई चहा पिता पिता म्हणते, "आत्या, सुपरवायझरला बारावी लागते." मी विचारलं, "मग?" म्हणाली, "मग काय, भरते फॉर्म."

तुम्ही असता तर माझ्याकडं बघून भुवई उडवली असतीत. मी काही बोलले नाही हो. पुस्तकं कुठं मिळतात, एवढंच विचारलं.

सोमवारी आम्ही दोघी नाशिकला कॉलेजात जाणार आहोत. एवढा शब्द देते तुम्हाला, तिला एकटीला पाठवणार नाही. खिडकीपाशी रांगेत मी तिच्यामागंच उभी राहीन, गुडघे कितीही बोलले तरी. आणि तिथल्या माणसानं विचारलं की बाई, तुम्ही हिच्या कोण, तर सासू म्हणून सांगणार नाही. आई म्हणून सांगेन. तुमची परवानगी आहे असं धरून चालते.

तुमची हट्टी, पण आता ऐकणारी विहीण,
कौसल्या