ज्यांची नावं सांगितली नाहीत

८ फेब्रु., रवि.
मशीद परिचय, म्हणजे इतर धर्मीयांना मशीद दाखवायचा कार्यक्रम, पार पडला. यंदाही मीच बोललो. शाळेतून निवृत्त झालो तरी चार माणसं समोर बसली की तोंड थांबत नाही. माधवनगरची निम्मी बाजारपेठ आली होती. शिरखुर्मा संपला, प्रश्न संपले नाहीत.
नेहमीचंच सांगितलं. अल्लाहनं प्रत्येक कौमेकडं वाट दाखवणारा पाठवला. काहींची नावं कुरआनात आहेत, काहींची आपल्याला सांगितलेली नाहीत. आलेल्या सगळ्यांना मानल्याशिवाय मुसलमान होता येत नाही.
आप्पा मगदूम, माझा जुना जैन मित्र, पहिल्या रांगेत. खुर्ची दिली तर घेतली नाही, दुखरे गुडघे घेऊन सतरंजीवर. हात वर करून म्हणतो, "बाबालाल, मग आमचे महावीर त्यात हायत का रं?" सगळे हसले. मी म्हणालो, नाव सांगितलेलं नाही, म्हणून हो म्हणायचा मला अधिकार नाही. आणि नाही म्हणायचाही अधिकार नाही.
आप्पानं मान हलवली. शमीम, माझी बीवी, बायकांच्या खोलीतून ऐकत होती, घरी आल्यावर म्हणाली, बरं बोललात. अंगावर मूठभर मांस चढलं.

९ फेब्रु.
संध्याकाळी आप्पाबरोबर बंद मिलच्या भिंतीपर्यंत. परत येताना म्हणाला, "आमच्यात कुणी कुणाला पाठवत न्हाई गड्या. ज्याचं त्यानंच चालत जायचं असतंय."
म्हणजे मी मोठ्या उदारपणे महावीरांना जागा दिली ती माझ्याच घरात. त्याला हे काल तिथंच कळलं असणार, मला आज. तरी रागावला नाही. चहाही त्यानंच पाजला.

११ फेब्रु., बुध.
कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. ते फिरतंय. आप्पाचा प्रश्न कापलाय, माझं पहिलं अर्धं वाक्यही कापलंय. राहिलं एवढंच, 'नाही म्हणायचाही अधिकार नाही'. खाली लिहिलंय, मुल्ला सर महावीरांना पैगंबर म्हणतात.
आमचे म्हणतात, सरांनी दीन-धर्म बाटवला. त्यांचे म्हणतात, आमचे भगवान पळवायला निघालाय. दोन्हीकडून खेटरं, त्याच वाक्याला. गावात अशी एकी फार दिवसांनी बघितली.

१३ फेब्रु., शुक्र.
नमाजनंतर आसिफनं बाजूला घेतलं. मशीद कमिटीचा अध्यक्ष, माझ्याच वर्गातला. "सर, तुमचं बरोबर हाय ओ. किताबातच हाय. पण वेळ बरी न्हाई." पुढच्या जुम्म्याला माइकवर शब्द परत घ्यायचे. म्हणजे त्यांची पोरं पोलिसात जाणार नाहीत.
बरोबर आहे म्हणून परत घ्या. वा.
त्यांची पोरं म्हणजे कोण, तर आप्पाचा भरत पुढं. तसाच त्यांच्या कापडदुकानात गेलो. आप्पाला म्हणालो, तू विचारलंस म्हणून मी बोललो, एवढं सांग लोकांना. आणखी काही नको. तो कापड मोजत राहिला. भरत गल्ल्यावरून, "काका, तुमी जावा आता. उगं दुकानात नको."
आप्पा त्याच्याकडं बघून म्हणाला, "बघू."
बघू! भित्र्या... जाऊ दे. मित्राबद्दल कागदावर तरी नको.

१५ फेब्रु., रवि.
शमीम रविवारी पोरींना कुरआन शिकवते, मशिदीच्या बायकांच्या खोलीत. आज खोलीला कुलूप. कमिटीचा निरोप, 'सरांचं मिटेपर्यंत.' पोरी दारातून परत गेल्या.
भाकरी थापताना शमीम म्हणाली, "आवं, तुमचं मला पटतंय. पण माझ्या पोरी आत्ता कुठं अडखळायच्या थांबल्या हुत्या."
कुरआनातलं बोललो म्हणून कुरआनाचा वर्ग बंद. हे सांगायचं कुणाला? ऐकायला होता एक, तो कापड मोजतोय.

१९ फेब्रु., गुरु.
पहिला रोजा. आप्पा दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाही, आणि मी मावळेपर्यंत शिवत नाही. त्यामुळं रमजानात एका ताटात कधीच जमलं नाही. तो लवकर जेवून, चूळ भरून येणार, माझ्यासमोर बसणार, आणि अजानसाठी माझ्यापेक्षा जास्त उतावीळ होणार. "झाली का रं? झाली न्हवं?" वर्षानुवर्षं हेच.
खुर्ची मांडली. आला नाही. रोज्यात राग धरू नये म्हणतात. धरला.

२० फेब्रु., शुक्र.
धीर झाला नाही. आसिफ माइक घेऊन उभा, मी मागच्या दारानं घरी. त्याचा फोन आला. पुढचा जुम्मा ही शेवटची मुदत.
खुर्ची आजही रिकामी. शमीम म्हणाली, उचलू का? नको म्हणालो. कशासाठी, कोण जाणे.

२७ फेब्रु., शुक्र.
घेतले परत. "माझी चूक झाली. मी तसं बोलायला नको होतं." आवाजही कापला नाही, त्याचंच वाईट वाटतंय. लोकांनी मिठ्या मारल्या. आसिफ म्हणाला, "सर, मोठं मन लागतंय याला." मोठं मन! घरी येऊन शमीमच्या हातात खोलीची किल्ली दिली. तिनं घेतली, माझ्याकडं बघितलं नाही.
दिवस मावळायला आला आणि आप्पा दारात. जेवून आलेला, नेहमीसारखा. खुर्चीत बसला. "भरतला सांगितलं, मीच इचारलं हुतं म्हणून. घरात लय वाजलं. चार दिस कुणी बोलत न्हाई. चल, आसिफला बी सांगतो. माइकवर सांगतो."
मी म्हणालो, दुपारीच मिटवलं. शब्द परत घेतले.
त्यानं गुडघे चोळले. मग म्हणाला, "आमच्यात पाठवत न्हाईत, ते ऱ्हाऊ दे. पण तू आमच्यासाठी जागा ठेवली हुतीस. मला लय बरं वाटलं हुतं रं त्या दिवशी." माझ्याकडं बघून, "मग आता काय? आमच्याकडं कुणी आलाच न्हवता म्हणायचं?"
अजान झाली. झाली का म्हणून त्यानं विचारलं नाही. मी खजूर उचलला, रोजा सोडला, पाणी प्यालो. तो उठला, चप्पल शोधली, उद्या येतो की नाही काही बोलला नाही.
त्याच्या प्रश्नाचं उत्तर आठ तारखेला मला येत होतं.