उजव्या पात्यावरची खाच

प्रिय सोमनाथकाका,

पाकिटावरचा दुबईचा शिक्का बघून तुम्ही आधी चष्मा शोधला असेल. मी अल मनखूलच्या नेन्यांची श्रिया. मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर तुमच्या धार लावायच्या खिडकीपाशी स्केटिंगचे बूट कवटाळून उभी राहायची आणि माझेच आधी करा म्हणून भुणभुण लावायची, ती. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तुमच्याआधी तुमच्या पुतण्याने वाचलं असतं, म्हणून कागद घेतला. मराठी लिहायची सवय मोडलीय, तेव्हा कच्चा कागद आईने तपासला. तिने वेलांट्या सुधारल्या, मजकुराला हात लावला नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची अठरा वर्षं राहिलीय. तुम्हाला ती माहीत आहे असंही मला वाटतं. तरी सांगायला हवी.

आधी खुशाली. गेल्या एप्रिलमध्ये मी आइस हॉकी खेळणं सोडलं. कॅनडात शाळा आणि कॉलेज झालं, मग स्वीडनमधल्या एका छोट्या गावाच्या क्लबकडून आठ वर्षं खेळले. सतरा नंबरचा शर्ट, दोनशे अकरा सामने, अठ्ठावन्न गोल. प्रोफेशनल म्हणजे फार थाट असेल असं समजू नका. सकाळी मी पाळणाघरात पोरांना भरवायचे आणि दुपारी सरावाला जायचे, हिवाळ्यात तर तीनलाच अंधार पडायचा. मी वाळवंटातून आले म्हणून गावातल्या म्हाताऱ्या बायका मला लोकरीचे मोजे आणून द्यायच्या. कुणी बर्फावर चालायला कुठे शिकलीस विचारलं की मी मॉलमध्ये म्हणायचे, आणि लोकांना ती थट्टा वाटायची. डाव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी फोटो बघून नुसती मान हलवली. खलास. मी पार्किंगमध्ये बसून खूप रडले, आणि घरी जाऊन पिठलंभात केला.

तिथे आमच्या बुटांना धार लावणारा माणूस तुमच्यासारखाच अबोल होता. पहिल्याच दिवशी मी पात्यावर आडवं एक दिरहमचं नाणं ठेवलं आणि ते एका बाजूला झुकलंय का, म्हणजे पात्याच्या दोन्ही कडा सारख्या आहेत का, हे एक डोळा मिटून बघायला लागले. तो हसला. मग मी अंगठ्याचं नख धारेवरून ओढलं, तशी त्याने चहा मागवला. हे दोन्ही मी तुमच्याकडून शिकले होते. मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पहून पहाटेच्या बसने येऊन तुम्ही दिवसाला साठसाठ जोड घासायचात, आणि पोरांना एकच गोष्ट बजावायचात, की बूट घालून रबराच्या चटईवरून खाली उतरायचं नाही.

कॅनडातल्या शाळेच्या संघासाठी निवड चाचणी होती, त्या दिवशी मी उतरले. हातमोजे बाबांच्या गाडीत राहिले होते. बूट सोडून पुन्हा बांधायचा कंटाळा आला, पात्यांची कव्हरं सापडेनात, तशीच सिमेंटवरून पार्किंगपर्यंत खडखडत गेले आणि आले. वीस मिनिटांनी उजवीकडे वळताना पातं सटकलं आणि मी सगळ्यांसमोर रिंकच्या कडेच्या फळीवर आदळले. कॅनडाहून आलेले कोच वहीत काहीतरी लिहायला लागले. बाबा धावत आले, काय झालं म्हणाले. पंधरा वर्षांची होते. मी म्हणाले, धार नीट लागली नव्हती. बाबांनी तावातावाने मॅनेजरला गाठलं. चूक रिंकची म्हणून मला दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी मिळाली.

त्या सकाळी बूट तुम्हीच घेतलेत. नख धारेवरून ओढलंत, मध्येच थांबलात. बोटाला लागलेली करडी पूड पाहिलीत, मग मला पाहिलंत. बाबा काचेपलीकडे उभे होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "बाळा, सिमेंटवर चालू नये." आणि ती खाच निघून जाईपर्यंत घासत राहिलात. नाणं ठेवून बघितलंत, आणि ते नाणं माझ्या हातात दिलंत. त्याच पात्यांवर माझी निवड झाली. दोन महिन्यांनी तुमचा करार वाढवला नाही, हे मला आईच्या फोनवरून कॅनडात कळलं. पुतणीच्या लग्नासाठी पैसे जमायच्या आधीच तुम्ही गुहागरला परत गेलात. मी तेव्हाही गप्प बसले, आणि मग गप्प बसणं अंगवळणी पडलं.

सप्टेंबरपासून मी त्याच रिंकवर शिकवते. राहते शारजात, अल मजाजला. तुमच्या खिडकीत आता मुश्ताक बसतो, पेशावरचा. परवाच्या सामन्यात माझी बारा वर्षांची विद्यार्थिनी मिहिका पडली. तिचे वडील ऑफिसात येऊन मुश्ताकला काढा म्हणाले. मिहिका खाली बघत म्हणाली, "द ब्लेड वॉज बॅड, मिस." मॅनेजरने बूट माझ्या हातात दिला. नख ओढलं. खाच होती, करडी पूडही होती. मुश्ताक दारात उभा होता, हात पुसत. काका, बाबांनी मॅनेजरला गाठलं तेव्हा तुम्हीसुद्धा अगदी तसेच उभे होतात.

मी तिला रागावले नाही. सगळ्यांसमोर माझी गोष्ट सांगितली, पार्किंगपासून तुमच्या करारापर्यंत, तुमच्या नावासकट. मिहिका रडली आणि चटईवरून उतरले होते म्हणाली. मुश्ताकची नोकरी राहिली. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या माणसाकडे मला घेऊन चल." तुमची नोकरी मी घालवली, काका. धार चांगली होती. चौदा तारखेला आम्ही दोघं गुहागरला येतोय, तुमचं नाणं घेऊन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही उघडलंत तर ओसरीवर ठेवून जाऊ.

तुमचीच,
श्रिया