तिसऱ्या ओळीतला लाल गोल

सर, काल दुपारी तुमच्या वहीतलं शेवटचं गणित सुटलं. तुमचंच उत्तर आलं. कॉलेजच्या खोलीत मी एकटीच होते. कळंबोलीकडे निघालेल्या ट्रेलरांमुळे खिडकीची काच थरथरत होती आणि स्क्रीनवर उत्तर खालच्या ओळीपासून वर भरत चाललं होतं, तुम्ही लिहायचात तसंच. नवी वेगवान पद्धत तशीच चालते, हे मला ठाऊक आहे. तिचा प्रोग्रॅम मीच लिहिलाय. तरी खुर्ची मागे सरकवली. भीती वाटली, सर.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी असली मॅट्रिक्स सोडवायला शिकले. प्रत्येक घरात साधा आकडा नाही, क्ष असलेली अख्खी बहुपदी. ओळीतून ओळ वजा करत कर्णाखाली शून्यं आणायची. वाट कुठलीही धरा, शेवटचं रूप एकच. दोघांची उत्तरं वेगळी आली, तर एक जण चुकलेलाच. मधले आकडे मात्र असे फुगतात की पान पुरत नाही. ते टाळायला मी एक अविभाज्य संख्या धरून, प्रत्येक आकड्याला तिने भागून उरलेल्या नुसत्या बाक्यांवर काम उरकायची. तुम्ही चिडायचात, "शितावरून भाताची परीक्षा तुझ्या काकूला करू दे. तू निदान तीन संख्या घेऊन बघ."

तुम्ही गेल्यावर काकूंनी ती वही मला तपासायला दिली. मी एकच संख्या घेतली. तिसऱ्या ओळीत उत्तर जुळेना. नेमका तिथेच तुमचा लाल गोल होता. वाटलं, तुम्हालाच शंका आली असावी. काकू म्हणाल्या, "शेवटी शेवटी यांचं डोकं थकलं होतं का गं?" मी म्हटलं, "हो, थोडंसं." त्यांनी बाकीच्या सगळ्या वह्या रद्दीत दिल्या.

माझ्या त्या संख्येने तिसऱ्या ओळीतलं एक पद गिळलं होतं, तिने पूर्ण भाग जाऊन बाकी शून्य उरली होती, हे काल कळलं. दुसऱ्या दहा संख्या घेतल्या. दरवेळी तुमचंच उत्तर. जुनी घातली की चूक बरोब्बर गोलाच्या आत उमटते. लाल गोल तुम्ही फक्त माझ्या चुकांभोवती काढायचात. हा मी चुकण्याआधीच काढलाय. कसा, ते विचारायला तुम्ही नाही, आणि खरं सांगायचं तर विचारायचा धीरही नाही.

संध्याकाळी काकूंकडे गेले. वही पिशवीत होती. त्यांनी पोहे पुढे ठेवले, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "अजून रुखरुख लागते गं. त्या वह्या द्यायला नको होत्या."

मी म्हटलं, "काकू, त्यांत काही नव्हतं."