रोबोटने मोडलेलं रडणं

जमनीबाई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या किसनसिंगचा रामराम. भाऊजींचा गुडघा कसा आहे? कापूस वेचायला माणसं मिळाली का? याडी जेवते, पण पोटच्या पोराशी, माझ्याशी, बोलत नाही. (तुझी भावजय नलू बोलते. न बोलती तर बरं.) मंगळवारी तू आईला भेटायला आलीस आणि स्टँडवरूनच परत गेलीस, त्याबद्दल लिहितो.

नगरपरिषदेने स्टँडवर आपोआप फिरणारा रोबोट ठेवलाय. त्याने लोकांच्या वागण्यावर लक्ष ठेवायचं आणि मी त्याच्यावर, अशी माझी नोकरी. लोक त्याला जावई म्हणतात, कारण दिवसभर चुका काढतो आणि काम काडीचं करत नाही. तंबाखूचा खर्रा थुंकणाऱ्याला टोकतो ते ठीक. परवा रवंथ करणाऱ्या बैलालाही ‘थुंकू नका’ म्हणाला. रोबोट बसवताना कंपनीच्या माणसाने मला विचारलं होतं, इथलं भांडण कसं ओळखायचं? मी शहाण्यासारखं सांगितलं, दोन बाया एकमेकींना धरून मोठ्याने ओरडू लागल्या की समजा भांडण. आपल्यात बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बाया गळ्यात पडून, सूर धरून रडतात, गेलेल्यांची नावं घेतात, हे तांड्यावर वाढलेल्या मला तेव्हा आठवलंच नाही. (कडक इस्त्रीची पँट घातली की असं होतं.)

बापू गेले तेव्हा तुझा पाय मोडलेला, त्यामुळे त्यानंतर याडीशी ही पहिलीच भेट, म्हणून ती तुला घ्यायला स्टँडवरच आली. तुम्ही बापूंचं नाव घेतलंत आणि जावई मध्ये शिरला, ‘भांडू नका. दूर व्हा. फोटो काढला आहे.’ सगळा स्टँड हसला. याडीने त्याला पिशवीने हाणलं, ‘माह्या पोरीले भेटू नाही का मी? काहून मधात येतं हे?’ तेवढ्यात आमचे साहेब आले, आणि तू फिरून महागावच्या बसमध्ये बसलीस. मशीनची चूक, मी काय करणार?

राग गेला असेल तर उत्तर दे, नसेल तरी दे.

तुझा भाऊ,
किसनसिंग

ता. क. मशीनची चूक लिहिली ते खोटं. साहेबांनी विचारलं, ‘या बाया ओळखीच्या आहेत का तुझ्या?’ आणि मी नाही म्हणालो. तू ऐकलंस, मला ठाऊक आहे. नोकरी कच्ची आहे, म्हणून जीभ वळली. फार लाज वाटते, बाई.

आणखी ता. क. याडीचं रडणं अर्धंच राहिलंय आणि ते तिला एकटीला पुरं करता येत नाही. ये. मी ड्यूटीवरच असेन, पण या खेपेला तिघं मिळून रडू. साहेबांनी पुन्हा विचारलं तर सांगेन, ‘माही बहीण हाय, साहेब. आमच्या बापासाठी रडून राह्यलो.’